डोंगर उतरण्यासाठी मांड्या कशा तयार कराव्यात: सहा आठवड्यांची पद्धत

माझं नाशिकमधलं फिजिओथेरपीचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. पावसाळ्यात दर मंगळवारी त्या जिन्यावर तेच दृश्य दिसतं. माणसं वर येतात ती कठड्याला हात न लावता. परत जाताना मात्र दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. एका पावसाळ्यात आलेल्या एक बाई तर शेवटी पाठमोऱ्या उतरल्या, लहान मूल पलंगावरून उतरतं तशा. रविवारी त्या कळसूबाईला जाऊन आल्या होत्या. "चढताना काहीच झालं नाही हो," त्या म्हणाल्या, "आणि मी रोज पाच किलोमीटर चालते, गोल्फ क्लबच्या मैदानावर."

त्यांचं चालणं खरं होतं आणि दुखणंही खरं होतं. सपाट मैदानावर कितीही चाललं तरी डोंगर उतरताना मांडीला जे काम पडतं ते तिथे पडतच नाही. नाशिककर अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगगड, कळसूबाईची तयारी करतात ती चढणीची, म्हणजे दमाची. पाय जातात ते उतरणीवर. म्हणून इथे फक्त उतरणीची तयारी सांगतो, ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने. हातात सहा आठवडे हवेत. चार असतील तरी बरंच साधेल. चारच दिवस उरले असतील तर व्यायाम सुरूच करू नका, थेट टप्पा ६ वाचा.

आधी हाताला कळू द्या: स्नायू काय करतो

घरातल्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहा. उजवा तळहात उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर ठेवा. आता डावा पाय अगदी सावकाश खाली जमिनीकडे न्या. उजवा गुडघा वाकत जाईल आणि हाताखालची मांडी दगडासारखी घट्ट होईल.

आता विचार करा. गुडघा वाकतोय म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू लांबतोय. तरीही तो ढिला पडलेला नाही, ताठ आहे. भरलेली बादली दोराने गच्चीवरून खाली सोडताना आपले हात जे करतात तेच तो करतोय: दोर सोडायचा, पण आवरून सोडायचा.

स्नायूला एकच गोष्ट येते, ओढणं. ढकलणं त्याला येत नाही. म्हणून तर प्रत्येक सांध्यावर समोरासमोर जोडीदार असतात. कोपर वाकवणारा दंडाच्या पुढे, सरळ करणारा मागे. मांडीच्या पुढचा, चार भागांचा मोठा स्नायू गुडघा सरळ करतो आणि मागचा गट तो वाकवतो. स्नायूच्या तंतूच्या आत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत सरकवून ठेवलेले असतात. मज्जातंतूकडून निरोप आला की तंतूत कॅल्शियम सुटतं, अॅक्टिनवरच्या पकडीच्या जागा उघड्या होतात, आणि मायोसिनची टोकं ते धागे पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा पकडतात. रस्सीखेचीत माणसं दोरावर हात बदलत जातात तसं. सोडण्यासाठीसुद्धा एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जा, लागते.

चढताना हे धागे एकमेकांत शिरतात आणि स्नायू आखूड होतो. उतरताना टोकांनी पकड धरलेली असते आणि शरीराचं वजन धागे बाहेर खेचत असतं. त्याच वजनाला या वेळी कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे एकेका तंतूवर ताण जास्त येतो. काही पकडी ओढून तुटतात, आतली रचना सूक्ष्म पातळीवर विस्कटते. आणि इथेच माणूस फसतो: अशा कामाला ऑक्सिजन खूप कमी लागतो. दम लागत नाही, घाम कमी येतो. आता आराम चाललाय असं वाटून तो धावत सुटतो.

दुखणं लगेच येत नाही. साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि १ ते ३ दिवसांत टोकाला जातं. रविवारचा डोंगर मंगळवारी माझ्या जिन्यावर दिसतो तो यामुळे. "लॅक्टिक अॅसिड साठलंय" हे मी रोज ऐकतो, पण ते व्यायामानंतर तासाभरात निवळलेलं असतं. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

आता सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. अशा 'लांबत-ताठ' कामाचा छोटासा डोस स्नायूला एकदा मिळाला की तो दुरुस्त होताना त्या कामाला सरावतो. पुढच्या वेळी तेवढीच उतरण खूप कमी दुखते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. नवा बिडाचा तवा पहिल्याच दिवशी मोठ्या आचेवर ठेवत नाहीत, मंद आचेवर तेल लावून थोडा थोडा मुरवतात. खालचा सगळा कार्यक्रम मांड्या मुरवण्याचा आहे.

टप्पा १: स्वतःची तपासणी (पहिला दिवस)

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, गुडघ्याची किंवा कमरेची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर तेही त्यांना सांगा, कारण त्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. गोळी मनाने बंद करायची नाही.

मग तीन चाचण्या. वहीत तारखेसह लिहा, आठवणीवर सोडू नका.

१. खुर्ची: हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. आकडा काय आला याला महत्त्व नाही, सहा आठवड्यांनी तो वाढला पाहिजे.

२. पायरी: आरशासमोर एका पायरीवर उभे राहून दुसरा पाय मनात तीन मोजत खाली न्या, टाच जमिनीला टेकवा, वर या. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. बघायचं एवढंच की वाकणारा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का आत, अंगठ्याच्या बाजूला पडतो. आत पडत असेल तर दुखणं मांडीपुरतं राहणार नाही, गुडघ्याच्या वाटीकडे जाईल.

३. टाच: भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर किती वेळा पूर्ण उंच होता येतं ते मोजा. वीसच्या आसपास जमलं तर पोटरी ठीक आहे. दहाच्या आत दमलात तर पोटरीचं काम वाढवावं लागेल.

दुसऱ्या चाचणीत बहुतेकांचा एक गुडघा आत जातो. घाबरू नका, पण लक्षात ठेवा तो कोणता. पुढे प्रत्येक व्यायाम त्याच पायाने सुरू करायचा.

> खबरदारी: चाचणीतच गुडघ्यात टोचल्यासारखी, एका बिंदूवर बोट ठेवता येईल अशी कळ आली तर पुढे जाऊ नका. स्नायूचं दुखणं पसरलेलं असतं, दाबल्यावर जाणवतं, बहुधा दोन्ही पायांत असतं आणि दुसऱ्या दिवशी येतं. सांध्याचं दुखणं त्याच क्षणी, त्याच जागी येतं. दुखत नसेल तर नुसत्या कटकट आवाजाची काळजी करायचं कारण नाही.

टप्पा २: कॅलेंडर उलटं भरा

डोंगराच्या तारखेपासून मागे मोजत या. शेवटचे सात दिवस हलके. त्याआधी, म्हणजे तारखेच्या ८ ते १० दिवस आधी, एक रंगीत तालीम. उरलेले सुमारे पाच आठवडे सरावाचे, आठवड्यातून तीन दिवस, दोन सरावांमध्ये किमान एक दिवस मोकळा.

मोकळा दिवस म्हणजे आळस नाही. विस्कटलेल्या तंतूंची डागडुजी त्या दिवशी होते. सोमवार-बुधवार-शुक्रवार हा क्रम नोकरी करणाऱ्यांना जमतो. शनिवार-रविवार सगळं उरकायचं आणि आठवडाभर काही नाही, हा क्रम मी कुणालाच देत नाही.

वेळ कमी पडला तर चढणीचा सराव कापा, उतरणीचा नको. लोक नेमकं उलटं करतात.

टप्पा ३: घरातला सराव (आठवडा १ आणि २)

डोंगर, जिना, वजन यातलं काहीच अजून नाही. एक टणक खुर्ची आणि एक पायरी पुरते.

१. सावकाश बसणं. खुर्चीसमोर पाठ करून उभे राहा, पाय खांद्याएवढे दूर. मनात चार मोजत खाली जा. शेवटच्या दोन इंचांत धप्पकन पडायचं नाही, कारण सगळं काम त्या दोन इंचांत आहे. उठताना हातांचा आधार घेतला तरी चालेल. ८ वेळा, दोन फेऱ्या.

२. पायरीवरून टाच टेकवणं. चाचणी क्रमांक २ हाच व्यायाम. प्रत्येक पायाने ६ वेळा, दोन फेऱ्या. गुडघा आत जायला लागला की तिथे थांबा. आकडा पुरा करण्यासाठी वाकडे करायचे नाहीत.

३. टाच खाली सोडणं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवा. दोन्ही पायांवर उंच व्हा, मग वजन एका पायावर घेऊन तीन मोजत टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. ८ वेळा. टाचेच्या मागच्या जाड कंडरेत आधीपासून दुखत असेल तर टाच पायरीच्या पातळीपर्यंतच न्या.

४. पूल. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला, तीन मोजत खाली आणा. १० वेळा. उतरताना गुडघा रेषेत धरून ठेवतात ते नितंबाचे स्नायू. ते ढिले असतील तर मांडी एकटीच भार ओढते.

पहिल्या दिवशी यातलं निम्मंच करा. सोपं वाटलं तरी निम्मंच. किती झेपलं हे त्या दिवशी कळत नाही, दोन दिवसांनी कळतं.

इथली सर्वांत मोठी चूक तरुण मुलं करतात. तालमीतल्या बैठका आठवतात आणि पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारल्या जातात, त्याही झटक्याने. सवय नसलेल्या माणसाने एका दिवसात शेकडो बैठका मारल्या तर स्नायूचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातली प्रथिनं रक्तात उतरू शकतात, आणि ती गाळताना मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बैठक हा उत्तम व्यायाम आहे. पण ज्यांनी वर्षानुवर्षं जोर-बैठका काढल्या, त्यांनी सुरुवात दहाने केली होती.

> तपासा: सरावाच्या दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल तर प्रमाण बरोबर आहे. पाचच्या वर असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. काहीच जाणवलं नाही तर उतरण्याचा वेग आणखी कमी करा, वजन वाढवू नका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मांडी जाड झालेली दिसणार नाही, तरी ताकद वाढल्यासारखी वाटेल. ते खरंच वाढणं आहे. स्नायू फुगायच्या आधी मेंदू आणि मज्जातंतू त्याला नीट हाक मारायला शिकतात, जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावतात. म्हणून टेपने मांडी मोजून निराश होऊ नका.

टप्पा ४: पांडवलेणीच्या पायऱ्या (आठवडा ३, ४ आणि ५)

आता खरा जिना. शहराच्या कडेला पांडवलेणीचा डोंगर आहे हे आपलं भाग्य आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरून चढणाऱ्या सुमारे दोनशे दगडी पायऱ्या, कमी-जास्त उंचीच्या, म्हणजे डोंगरावर असतात तशाच. सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर दगड तापतो आणि गर्दीत सावकाश उतरता येत नाही.

आधी एक हिशेब, म्हणजे प्रमाण कळेल. कळसूबाई १६४६ मीटर उंच. बारी गावातून शिखरापर्यंतचा चढ ९०० मीटरच्या आसपास. घरातली पायरी साधारण १७ सेंटिमीटर धरली तर तेवढी उतरण म्हणजे पाच हजारांहून जास्त पायऱ्या, सलग, एका दुपारी. पांडवलेणी पंचवीसेक वेळा उतरल्यासारखं. तेवढा सराव करायची गरज नाही, पण शून्यावरून थेट पाच हजारांवर जाणं म्हणजे काय ते यावरून समजावं.

तिसऱ्या आठवड्यात एका वेळी एकच फेरी. चौथ्यात दोन. पाचव्यात तीन, जमल्या तर चार. आठवड्यातले दोन दिवस पायऱ्या आणि एक दिवस टप्पा ३ चा घरातला सराव. वर जाताना घाई चालेल, खाली येताना नाही.

उतरण्याची रीत अशी. पाऊल लांब टाकायचं नाही. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. पुढे टाकलेला सरळ पाय म्हणजे ब्रेक, आणि तो दणका थेट गुडघ्यात जातो. गुडघा टेकण्याआधीच किंचित वाकलेला ठेवा, म्हणजे स्नायूला झेलायला वाव मिळतो. कंबरेतून मागे रेलू नका. भीती वाटली की शरीर आपोआप मागे जातं आणि मग पाय घसरतो. आवाज ऐका: प्रत्येक पावलाला धप आवाज येत असेल तर झेललं जात नाहीये, आपटलं जातंय. बिनआवाज उतरणं हीच सगळ्यांत सोपी कसोटी, आरसा लागत नाही.

मी रुग्णांबरोबर तिथे गेलो तर मागून चालतो आणि फक्त आवाज ऐकतो. शंभरेक पायऱ्या नीट जातात, मग मांडी थकते आणि धपधप सुरू होतं. ती तुमची आजची हद्द. तिथे दोन मिनिटं उभं राहा, मग उरलेल्या पायऱ्या आडव्या पावलांनी उतरा.

> खबरदारी: पावसात दगडाला शेवाळ धरतं. अशा दिवशी इमारतीचा जिना वापरा. उतरण शिकण्यासाठी घसरण्याचा धोका पत्करू नका.

पायऱ्यांवरून परत आल्यावर पोटरीला आणि मांडीला ताण देणं बरं वाटतं, जरूर द्या. पण सुरुवातीला, थंड अंगाने, पाय कठड्यावर टाकून ओढत बसण्यात वेळ घालवू नका. अशा ताणण्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं टळत नाही. त्याऐवजी पाच-सात मिनिटं भरभर चाला. गरम झालेला स्नायू ताण बेताने सोडतो.

आहाराबद्दल थोडक्यात, कारण इथेच लोक प्रोटीन पावडरचे डबे विकत घ्यायला धावतात. या आठवड्यांत रोज शरीराच्या दर किलोला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर पुरे. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, शेंगदाणे, अंडी, मासे, जे घरात चालतं ते, आणि तिन्ही वेळच्या जेवणात विभागून. सकाळी नुसता चहा-पोळी आणि रात्री सगळी भरपाई, असं नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. झोप सात तासांच्या खाली गेली तर बाकी सगळ्याचा उपयोग अर्धाच होतो.

टप्पा ५: रंगीत तालीम (तारखेच्या ८ ते १० दिवस आधी)

आशेवाडीचा रामशेज किल्ला यासाठी मला सर्वांत आवडतो. शहरापासून पंधराएक किलोमीटरच्या आत, फार उंच नाही, आणि वाट चुकायची भीती नाही. जे बूट, जी सॅक, जेवढं पाणी डोंगरावर नेणार तेच घेऊन जा. सॅकमधल्या प्रत्येक किलोचा भार उतरताना मांडीवर येतो, म्हणून तालमीतच ठरवा काय घरी ठेवायचं.

उतरायच्या आधी बुटाची नाडी पुन्हा बांधा. घोट्याजवळ घट्ट, बोटांकडे सैल. टाच मागे बसून राहिली तर बोटं पुढे आपटत नाहीत आणि नखं काळी पडत नाहीत. काठी असेल तर आधी काठी खाली टेकवा, तिच्यावर भार द्या, मग पाऊल. पाऊल पडल्यावर टेकवलेली काठी नुसती शोभेची.

तालमीनंतरच्या दोन दिवसांत घरचा जिना सरळ तोंडाने उतरता आला तर तुम्ही तयार आहात. नाही आला तर मोठा डोंगर पुढच्या महिन्यात ढकला, किंवा गटाला सांगून अर्ध्यातून परतायचं आधीच ठरवा.

टप्पा ६: शेवटचे सात दिवस

नवा व्यायाम नाही. आठवड्याच्या सुरुवातीला घरातला सराव एकदा, निम्म्या प्रमाणात. बाकी रोजचं चालणं.

"जरा पाय मोकळे करू" म्हणून आदल्या दिवशी बैठका मारणारे, सात मजले चढ-उतार करणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांचं दुखणं डोंगराच्या दिवशी सकाळी सुरू होतं. दुखऱ्या स्नायूची ताकद कमी झालेली असते आणि आपला पाय कुठे पडतोय याचा अंदाजही बिघडतो. दुखरा पाय घेऊन डोंगरावरच्या लोखंडी शिड्यांवर जाणं धोक्याचं आहे. अंग रगडून घेणारं कडक मालिशही या दिवसांत नको.

शेवटचे दोन दिवस भात, भाकरी, बटाटा, केळी थोडी जास्त घ्या. स्नायू आपलं इंधन ग्लायकोजेनच्या रूपात स्वतःमध्येच साठवतो, आणि तो साठा रिकामा झाला की पाय शिशासारखे होतात. त्या दिवशीचा उपवास शक्य असेल तर टाळा. टाळता येत नसेल तर राजगिरा, शेंगदाणे, खजूर, ताक यांवर जोर द्या आणि भगर-रताळं पोटभर खाऊन निघा.

टप्पा ७: डोंगराच्या दिवशी

निघण्याआधी खाणं दीड-दोन तास आधी. पायथ्याशी दहा मिनिटं सपाट चालणं. चढताना बोलता येईल इतकाच वेग. शिखरावर पोहोचल्यावर खाण्यापिण्याला २० मिनिटं द्या, पण तासभर गारठ्यात बसून राहू नका. थंड झालेल्या मांडीला उतरणीचा पहिलाच झटका फार लागतो. उठल्यावर जागच्या जागी दहा-पंधरा हलक्या अर्ध्या बैठका, मग पाऊल.

उतरताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, दम लागला नसला तरी. इथे थांबायची वेळ दम सांगत नाही, घड्याळच सांगतं. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर तोंड शिडीकडे करून उतरा, एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा सोडू नका. मागच्याला घाई असेल तर त्याला पुढे जाऊ द्या.

पाणी तहानेप्रमाणे, घोट-घोट. घाम खूप येत असेल तर नुसतं साधं पाणी लिटरवारी ढोसणंही चुकीचं आहे, त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस सोबत असू द्या.

पोटरीत गोळा आला तर चोळत बसू नका. खाली बसा, गुडघा सरळ करा, पायाची बोटं हातांनी आपल्याकडे ओढून २० ते ३० सेकंद धरा. ओढलेल्या कंडरेतले संवेदक पाठीच्या कण्याकडे 'ताण वाढलाय, सोड' असा निरोप पाठवतात आणि स्नायू सैल पडतो. लगेच उठून पळू नका, तो परत येतो. पाच मिनिटं सावकाश चालून बघा. मांडीच्या पुढच्या भागात गोळा आला तर उभं राहून टाच नितंबाकडे ओढा, आधाराला कुणाचा तरी खांदा धरा.

> थांबा: उतरताना पायात 'टक' असं काही तुटल्यासारखं जाणवलं, किंवा त्या पायावर वजनच देता येईना, तर उरलेली उतरण 'हळूहळू होईल' म्हणून चालायची नाही. आधार घ्या, मदत बोलवा.

टप्पा ८: पुढचे तीन दिवस

दुसऱ्या दिवशी झोपून राहू नका. सपाटीवर २० मिनिटं सावकाश चालणं हे सर्वांत चांगलं औषध आहे. कोमट पाण्याने शेकणं, हलक्या हाताने तेल लावणं चालेल. कोपराने रगडणं नको. आत डागडुजी चालू आहे, तिथे पुन्हा दळायचं नसतं.

दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी, पाणी कमी प्यायलेलं असताना, डोंगरावरून उतरल्या-उतरल्या घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला जड जातात. आधी पाणी, जेवण, एक रात्रीची झोप. तरीही सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारून.

या तीन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा:

१. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, सोबत स्नायू सुजलेले आणि ताकद गेलेली.

२. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, लाल दिसते. दोन्ही पाय सारखे दुखणं हे उतरणीचं, एकट्या पोटरीची सूज रक्ताच्या गुठळीचीही असू शकते.

३. तीन-चार दिवसांनी दुखणं उतरायला हवं, ते उलट वाढतंय.

यांपैकी काही नसेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी जिना पुन्हा सरळ तोंडाने उतरता येतो. तेव्हा टप्पा १ मधल्या तिन्ही चाचण्या परत करून त्याच वहीत पहिल्या आकड्यांच्या शेजारी लिहा. गुडघा अजून आत पडत असेल तर टप्पा ३ मधले पायरी आणि पूल हे दोन व्यायाम चालू ठेवा.

एवढी मेहनत वाया जाऊ नये म्हणून पुढे दर दोन आठवड्यांनी एकदा पांडवलेणीच्या दोन फेऱ्या, उतरताना सावकाश आणि बिनआवाज. तेवढं केलं आणि पुढचा डोंगर दोन महिन्यांच्या आत असला, तर पुन्हा खुर्चीपासून सुरुवात करायची गरज नाही. थेट टप्पा ४ पासून, पाचव्या आठवड्याच्या प्रमाणाने सुरू करा.